जुन्या गाडीचं हेड गॅस्केट: गेलंय का, आणि गेलं असेल तर काय करायचं

मे महिन्यातली दुपार. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना एखादी जुनी मारुती ८०० कडेला उभी असते, बॉनेट वर, रेडिएटरखाली ओघळ. पाच मिनिटांत चार माणसं जमतात. "काय व्हयनं भाऊ?" एक जण रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो, दुसरा बाटलीतलं गार पाणी तापल्या इंजिनावर ओतायला निघतो, तिसरा लांबूनच निकाल देतो: हेड गेलं. म्हणजे हेड गॅस्केट: इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा (ब्लॉक) यांच्यामधलं पॅकिंग.

पहिल्या दोघांना आधी थांबवा. ०.९ किलो दाबाचं झाकण बसलेलं असतं तेव्हा आतलं पाणी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, त्याच पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं तर हेड वाकतं किंवा तडकतं. म्हणजे गॅस्केट शाबूत असलं तरी त्या बाटलीने काम वाढवून ठेवलं. गाडी बंद करा, बॉनेट उघडं ठेवा आणि पाऊण तास सावलीत बसा. वरचा होज हाताला सोसेल इतका निवला की जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

तिसऱ्याचा निकाल खरा असेलही, नसेलही. तापलेल्या प्रत्येक गाडीचं हेड गॅस्केट जात नाही. मात्र गॅस्केट गेलेल्या बहुतेक गाड्या आधी कधीतरी तापलेल्या असतात. गॅस्केट आपणहून क्वचितच मरतं, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. तो मारेकरी न शोधता नुसतं नवं पॅकिंग घातलं की सहा महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं.

खालचे आकडे कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चे आहेत: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, वर एकच कॅमशाफ्ट. याच घराण्याचं इंजिन जुन्या ओम्नीतही आहे. पद्धत दुसऱ्या जुन्या पेट्रोल गाड्यांनाही लागू पडते, पण टॉर्कचे (बोल्ट आवळायच्या जोराचे) आणि गॅपचे (फटीचे) आकडे ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

गॅस्केट का जातं

हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या या पातळ पत्र्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: सिलिंडरमधला जळता वायू, भोवतीचं पाणी आणि वर जाणारं ऑइल. सिलिंडरभोवती पत्र्याची कडी असते, तिला फायर रिंग म्हणतात. सगळ्यात जास्त मार तिलाच बसतो.

ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. म्हणजे गाडी गरम झाली की हेड ब्लॉकवर किंचित सरकतं, निवली की परत येतं, आणि गॅस्केट वर्षानुवर्षं मध्ये घासलं जातं. नेहमीच्या तापमानात ते हे सोसतं. काटा लालवर गेला की हेड बोल्टच्या मध्ये पसरू पाहतं, त्याला जागा मिळत नाही आणि ते मधोमध फुगतं. निवल्यावर पुरतं सरळ होत नाही. त्या फटीतून फायर रिंग जळते.

मारेकरी बहुधा यांपैकी एक असतो: गळका होज, सैल फॅन बेल्ट, अडकलेला थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), न लागणारा पंखा, वॉटर पंपाच्या झिजलेल्या पात्या, दाब न धरणारं झाकण किंवा चोंदलेला रेडिएटर. आपल्याकडे शेवटच्या दोघांवर आधी संशय घ्या. बोअरचं पाणी जड असतं. ज्या पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलं की नळ्यांच्या आत तसाच थर धरतो. बाहेरून जाळीत काळ्या मातीची धूळ बसते, आणि जिनिंगच्या दिवसांत रस्त्यावर उडणारी कापसाची तूस त्या धुळीला चिकटून नमद्यासारखी गच्च होते. एसीच्या गाडीत समोरून जाळी स्वच्छ दिसते, कारण तूस कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या सांदीत असते. एसी नसलेल्या गाडीत ती पंख्याच्या बाजूने टॉर्च लावून बघा.

एलपीजी किट असेल तर आणखी एक वाट वाढते. किटच्या रेड्युसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला इंजिनाचंच पाणी फिरवलेलं असतं. त्या दोन बारक्या होजचे क्लिप वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. भर उन्हात रेड्युसर गार लागला, त्यावर दव धरलं, तर समजा की पाणी तिथवर पोचत नाही: कमी झालंय किंवा मध्ये हवा अडकलीय. गॅसचं मिश्रण फार पातळ लावलेलं असेल तर हेड जास्त तापतं, तेही तपासून घ्या.

लक्षणं, आणि फसवी लक्षणं

गॅस्केट कुठे फुटलं यावर लक्षण ठरतं. सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये फुटलं तर पाणी कमी होत जातं, गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि कुलंट असेल तर त्याला गोडसर वास असतो. दोन सिलिंडरच्या मध्ये फुटलं तर पाणी जागच्या जागी राहतं, पण तीनपैकी दोन सिलिंडर लंगडतात आणि सगळी गाडी थरथरते. पाणी आणि ऑइल यांच्या वाटा एक झाल्या तर डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाच्या चहासारखं ऑइल येतं. बाहेरच्या कडेला फुटलं तर हेड-ब्लॉकच्या जोडावर ओल किंवा कुलंटच्या रंगाचा वाळलेला थर दिसतो.

पण घाई करू नका. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पहाटे चांगली थंडी पडते, तेव्हा सकाळी कोणत्याही गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. पाच-सात मिनिटांत ती विरली तर काळजी नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही धूर सुरूच राहिला तर काळजी. तसंच ऑइलच्या झाकणाच्या आत थोडा पिवळट फेस दिसला म्हणजे गॅस्केट गेलं असं नाही. रोज दोन किलोमीटर बाजारापुरती चालणाऱ्या गाडीत ओलावा साचून तसा फेस धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर आधी गाडी तासभर हायवेवर चालवून आणा आणि पुन्हा बघा.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे काटा. पाणी सेन्सरच्या खाली उतरलं की काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो, कारण सेन्सर पाण्यात नसून वाफेत असतो. चढावर वर गेलेला काटा एकाएकी खाली आला तर हुश्श करू नका, गाडी थांबवा.

खात्री करायच्या चाचण्या

सगळ्यात सोपी चाचणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करायची. झाकण लावलेलं ठेवून गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज चिमटीत दाबत राहा. निरोगी गाडीत पाणी तापायला लागेपर्यंत तो मऊ राहतो. एक-दोन मिनिटांत, पाणी अजून गार असतानाच, होज दगडासारखा टणक झाला तर तो दाब वाफेचा नाही. सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय.

दुसरी बुडबुड्यांची. इंजिन गार असताना झाकण काढा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्या. पाच मिनिटांनंतरही, ॲक्सिलरेटर दिला की त्याच तालात बुडबुडे वाढत असतील किंवा पाणी उसळून बाहेर येत असेल, तर सिलिंडर शोधा. गाडी बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्यात जुना प्लग घालून तो ब्लॉकला घट्ट टेकवून ठेवा म्हणजे ठिणगीला वाट मिळेल, आणि पुन्हा सुरू करा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर बुडबुडे थांबतात किंवा बरेच कमी होतात, गळती तिथे आहे. पाणी तापायला लागलं की ही चाचणी बंद करा.

तिसरी प्लगची. तिन्ही प्लग काढून ओळीने मांडा. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये वाफ जाते. हा प्लग बघून अनुभवी मिस्त्री पुढच्या चाचण्या करतही नाही.

पण कॉम्प्रेशन घेतलेलं बरं. गेज महाग नाही, आणि हेड उतरवायच्या आधी आकडे कागदावर असले की नंतर तुलना करता येते. इंजिन कोमट, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय येतात, पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. १६५, १६०, १६५ असेल तर ठीक. ९०, ८५, १६० असेल आणि कमी आलेले दोन शेजारी-शेजारी असतील, तर गॅस्केट त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळलंय. एकच सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा. वाढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

पाणी कमी होतंय पण बाकी काहीच दिसत नाही, अशी केस सगळ्यात त्रासाची. तिथे रेडिएटरला हातपंप लावून ०.९ किलो दाब भरा, प्लग काढा आणि तासभर ठेवा. दाब उतरला, बाहेर कुठे ओल नाही, आणि स्टार्टर मारल्यावर एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा आला तर प्रश्न मिटला. निळ्या द्रावणाचं ब्लॉक टेस्टर मिळालं तर तेही वापरा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढल्यावर द्रावण निळ्याचं पिवळं झालं तर पाण्यात जळका वायू आहे.

रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्टर मारल्यावर "डक" करून अडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढूनच इंजिन फिरवा.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा तोडगा सगळ्यांना माहीत आहे. सुईच्या भोकाएवढी रेडिएटरची गळती ती कधीकधी तात्पुरती धरते, तेवढ्याने घर गाठता येतं. गॅस्केटवर तिचा काही उपयोग नाही, उलट अर्धवट चोंदलेल्या नळ्या ती पूर्ण बंद करते. बाटलीतल्या स्टॉप-लीकचंही तेच.

सामान

हेड उघडण्याआधी सगळं हाताशी असू द्या. शनिवारी हेड खोललं आणि रविवारी दुकान बंद, म्हणून उघडा ब्लॉक चार दिवस धूळ खात पडलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. हेड गॅस्केट, मॅनिफोल्डची दोन्ही गॅस्केट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, व्हॉल्व्ह स्टेमचे ऑइल सील, थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंग, टाइमिंग बेल्ट, फॅन बेल्ट, रेडिएटरचं झाकण, वरचा-खालचा होज, ऑइल फिल्टर. ऑइल दोनदा लागेल, म्हणून तीन-तीन लिटरचे दोन डबे. पहिल्यात स्वस्तातलं चालेल. कुलंट आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर.

हत्यारांत टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा, पण त्याच्याशिवाय हे काम करू नका. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याच्या हातून आठ बोल्ट आठ वेगवेगळ्या ताकदीने आवळले जातात. शिवाय फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), एक पक्की सरळ पट्टी (शाळेतली स्टीलची पट्टी चालत नाही, ती स्वतःच वाकते), गोटी पान्यांचा सेट आणि प्लास्टिकचा किंवा कठीण लाकडाचा खरवडा.

हेड उतरवणं

इंजिन पूर्ण गार हवं, आदल्या रात्रीपासून उभं. कोमट इंजिनावरचं हेड सोडलं तर ते वाकतं. मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटतो आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. पाणी आणि ऑइल वेगवेगळ्या भांड्यांत काढा. कुलंट गोडसर असतं आणि विषारीही, त्यामुळे अंगणात किंवा गोठ्याजवळ सांडू देऊ नका. गुरं, कुत्री ते चाटतात. निघालेलं पाणी मोजून ठेवा, भरताना उपयोगी पडतं.

मग एअर फिल्टर, ॲक्सिलरेटरची आणि चोकची केबल, पेट्रोलचा पाइप (तोंडाला बोल्ट घालून बंद करा), व्हॅक्यूमच्या नळ्या. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर घाला आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. जोडताना उलटसुलट लागणाऱ्या नळ्यांवरच सगळा वेळ जातो. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटर कुठे बघतोय आणि त्याची बॉडी हेडवर कशी बसलीय, याच्या खुणा करा.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणा, क्रँक आणि कॅमच्या पुलीच्या खुणा जुळवा आणि त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. फॅन बेल्ट, वॉटर पंपाची पुली, क्रँक पुली आणि टाइमिंगचं कव्हर काढून बेल्ट उतरवा. यानंतर क्रँक किंवा कॅम फिरवायचा नाही.

टॅपेटचे स्क्रू ढिले करा. हेडचे आठ बोल्ट दोन रांगांत आहेत, प्रत्येक रांगेत चार. आधी चार कोपऱ्यांचे, मग मधले, असे बाहेरून आत. एका वेळी अर्धा-पाऊण वळसा, तीन फेऱ्यांत. सगळे सुटले की हेड हलवा. नाही हललं तर मॅनिफोल्डच्या टोकाला धरून झोके द्या किंवा लाकडाच्या हातोडीने कडेला ठोका. जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की ॲल्युमिनियमवर खाच पडते आणि तिथूनच पुढची गळती सुरू होते. उतरवलेलं हेड दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा, थेट फरशीवर नाही, कारण एखादा उघडा व्हॉल्व्ह खाली आलेला असू शकतो.

जुनं गॅस्केट वाचा

ते फेकू नका, उन्हात धरून बघा. फायर रिंग कुठे काळी पडलीय, कुठे तुटलीय? दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळालं असेल तर हेड मधोमध फुगलंय. एका टोकाला जळालं असेल तर त्या बाजूचे बोल्ट ढिले होते. पाण्याच्या भोकांजवळ गॅस्केट चिखलासारखं मऊ झालं असेल, तर बरीच वर्षं साधं पाणीच चालवलेलं आहे. ज्या सिलिंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, तिथे पाणी जात होतं.

हेड तपासणं: इथे वेळ द्या

बरीच हेड गॅस्केटं दुसऱ्यांदा जातात ती इथल्या आळसाने.

हेडचा तळ खरवडून थिनरने पुसा. सरळ पट्टी उभ्या कडेवर टेकवा आणि खालून फिलर गेज घालून बघा. दोन्ही लांब कडा, दोन्ही रुंद कडा आणि दोन कर्ण, अशा सहा रेषा. कुठेही ०.०५ मिमीची पात आत गेली तर हेड फेस मारायला (मशीनवर तळ सपाट करायला) द्या. ०.०५ म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्याहून थोडं जास्त. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मोजल्याशिवाय "सरळ आहे" म्हणू नका. ब्लॉकचा माथाही असाच मोजा. मॅनिफोल्डच्या तोंडाला ०.१० मिमीपर्यंत चालतं.

मशीन शॉपला सांगा: जितकं गरजेचं तितकंच काढा. जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन ठोके द्यायला लागतं आणि नवं गॅस्केट पुन्हा मार खातं. आधी कधी फेस मारलाय का तेही विचारात घ्या.

आता अशी गोष्ट जी घाईच्या गॅरेजात कोणी बघत नाही. हेड वाकतं तेव्हा फक्त तळ वाकत नाही, वरची कॅमशाफ्टची रांगही वाकते. तळ मशीनवर सरळ केला तरी कॅमची भोकं वाकडीच राहतात. रॉकर शाफ्ट काढून, ऑइलचा हात लावून कॅम बोटांनी फिरवून बघा. सहज फिरला तर ठीक. एका जागी अडत असेल तर ते हेड ठेवू नका. चालेल काही दिवस, पण कॅम घासत चालेल.

तडा शोधायला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधली पट्टी बघा. पक्की खात्री हवी असेल तर मशीन शॉपमध्ये पाण्याच्या वाटा बंद करून हेडमध्ये हवा भरतात आणि गरम पाण्यात बुडवतात. गाडी वाईट तापली असेल तर ही चाचणी टाळू नका. हेड बाहेर आहेच, तर व्हॉल्व्ह घासून घ्या आणि स्टेमचे ऑइल सील बदला.

ब्लॉकची सफाई

सिलिंडरमध्ये स्वच्छ फडकी कोंबा, पाण्या-ऑइलच्या वाटांना बोळे लावा. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवड्याने काढा. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून पाच मिनिटांत चकचकीत करायची सवय सोडा. त्या चकतीची पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते, आणि हेडचं काम झालं म्हणून गाडी नेणारा माणूस महिनाभरात क्रँकचा आवाज घेऊन परत येतो.

बोल्टची भोकं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यांत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो, किंवा बोल्ट पुरता बसण्याआधीच पाना टॉर्क दाखवतो. जुन्या बोल्टला करवतीने उभी खाच पाडून तो भोकात फिरवा, आटे साफ होतात. मग हवा मारा, पण डोळ्यांवर चष्मा घालून.

पाइप लावून ब्लॉकमधून पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. गंज आणि पांढरा चुरा निघेल. तोच रेडिएटरमध्येही आहे, म्हणून रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्या. तांबं-पितळेचा असेल तर टाकी उघडून नळ्यांतून सळई मारून घेता येते.

जोडणं

नवं गॅस्केट कोरडं बसतं. पाकिटावर सांगितलं नसेल तर ना ग्रीस, ना शेलॅक, ना सिलिकॉन. वरची बाजू त्यावर छापलेली असते. तरी ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळतंय का ते बघा, उलटं ठेवलं तर ऑइलची वाट बंद होऊ शकते. डॉवेल (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना तेही बघा. हेड सरळ खाली ठेवा, सरकवू नका.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचा हात लावा. थेंब गळेल इतकं नाही. आवळायला लावलेला बराचसा जोर घर्षणातच जातो, म्हणून एक बोल्ट कोरडा आणि एक तेलकट असला तर पाना सारखा आकडा दाखवूनही दाब सारखा बसत नाही.

आवळणं आतून बाहेर: मधले चार तिरके-तिरके, मग कोपऱ्यांचे. पहिली फेरी २५ न्यूटन-मीटर, दुसरी ४५, तिसरी ५५ ते ६० च्या दरम्यान, समजा ५८. म्हणजे साधारण साडेपाच ते सहा केजीएम (किलोग्रॅम-मीटर). तिसऱ्या फेरीनंतर त्याच क्रमाने आणखी एकदा फिरून खात्री करा. पाना झटक्याने ओढू नका, एका ओघात "कट" येईपर्यंत ओढा. गार झाल्यावर पुन्हा आवळायचं की नाही हे गॅस्केटच्या पाकिटावरून ठरवा. ज्या नव्या इंजिनांत बोल्ट अंश मोजून आवळतात, तिथे पुन्हा हात लावायचा नसतो आणि बोल्टही नवे घ्यायचे असतात.

खुणा जुळवून टाइमिंग बेल्ट चढवा, ताण द्या. क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. खुणा पुन्हा बरोबर आल्या आणि कुठे अडलं नाही, तरच पुढे जा. टॅपेटची (व्हॉल्व्हवर दाबणाऱ्या स्क्रूंची) फट गार इंजिनावर ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवा, मॅन्युअलशी ताडून. नवा थर्मोस्टॅट घाला. "खान्देशात थर्मोस्टॅट लागतच नाही" म्हणून तो काढून टाकायची जुनी रीत आहे. त्याने इंजिन कायम अर्धगार चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि तापायचं खरं कारण झाकलं जातं.

पहिलं सुरू करणं

ऑइल दुधाळ झालं असेल तर स्वस्त ऑइल भरून दहा-पंधरा मिनिटं नुसतं आयडल चालवा, रेस देऊ नका. मग तेही काढा, फिल्टर बदला आणि चांगलं ऑइल भरा, डिपस्टिकवर बघत. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचं प्रमाण डब्यावर असतं. तयार मिसळलेलं कुलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. कुलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही, म्हणून जुन्यावर नवं ओतू नका.

हवा काढायला गाडीचं तोंड चढावर करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा. गाडी सुरू करा, होज दाबत राहा, बुडबुडे थांबले की भरून झाकण लावा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत उभे राहा. पंखा लागलाच नाही आणि काटा वर चढतोय, तर तिथेच बंद करा आणि स्विच, फ्यूज, वायर तपासा. मारेकरी कदाचित इथेच बसलाय.

पहिली पंधरा मिनिटं सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर येईल. तो सायलेन्सरमध्ये साचलेल्या पाण्याचा असतो. मॅनिफोल्डवर सांडलेल्या ऑइलचाही वास येतो. अर्ध्या तासानंतर दोन्ही जायला हवेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पाणी बघा. थोडं उतरलेलं असतं, भरा. तिसऱ्या दिवशीही तेवढंच उतरलं तर कुठेतरी वाट आहे. कॉम्प्रेशन पुन्हा घ्या आणि आधीच्या कागदाशी ताडा. पहिले ५०० किलोमीटर सपाटीवर, जळगाव-भुसावळ किंवा धुळे-पारोळा असे चालवा आणि रोज डिपस्टिक बघा. नंतर टॅपेट पुन्हा तपासा. मग लळिंगचा किंवा कन्नडचा घाट घ्या, सकाळच्या गारव्यात, आणि माथ्यावर थांबून इंजिन चालू असतानाच वरचा होज दाबून बघा. गरम आणि ताठ असला पाहिजे, पण बोटाने थोडा दबला पाहिजे.